फिरता ठेवीदार

अहिल्यानगर जिल्ह्याच्या समाजजीवनाचा अभ्यास करणाऱ्यांनी साखर कारखान्याचा चेअरमन, पतसंस्थेचा संचालक, ऊसउत्पादक सभासद आणि दुसऱ्याच्या कर्जापायी नोटिसा झेलणारा जामीनदार या चार प्रकारांकडे पुरेसे लक्ष दिलेले असले, तरी याच मातीत वाढलेल्या पाचव्या प्रकाराची रीतसर नोंद अद्याप झालेली नाही. तो प्रकार म्हणजे फिरता ठेवीदार. ज्याची पुंजी मध्यम, ठेवीची मुदत अल्प आणि संस्थेवरची निष्ठा त्याहूनही अल्प असते, मुदत भरण्याच्या महिनाभर आधीच जो त्या रकमेच्या पुढच्या मुक्कामाची चौकशी सुरू करतो आणि पाव टक्का व्याज जास्त मिळत असेल तर पंचवीस वर्षांच्या ओळखीच्या मॅनेजरलाही ओळख दाखवत नाही, अशा गृहस्थाला ही संज्ञा लावता येईल. पाव टक्का म्हणजे लाखामागे वर्षाला २५० रुपये, हे येथेच सांगून ठेवलेले बरे. कारण पुढील सर्व हालचाली या रकमेसाठी होतात.

जिल्ह्यात या प्रकारास अनुकूल हवामान मुळातच होते. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच्या मागोमाग इतर कारखाने, दूध संघ, सोसायट्या आणि नागरी बँका आल्या, आणि कालांतराने अकोल्यापासून जामखेडपर्यंतच्या चौदाही तालुक्यांत पतसंस्थांचे फलक झळकू लागले. पतसंस्था म्हणजे सभासदांकडून ठेवी घेऊन सभासदांनाच कर्ज देणारी सहकारी संस्था. ती बँकेसारखी दिसते, बँकेसारखीच पावती देते, परंतु कायद्याने बँक नसते. इतक्या संस्था शेजारी शेजारी उभ्या असताना एकाच ठिकाणी पैसे ठेवून स्वस्थ बसणे ज्याला जमेल तो संतच म्हणावा लागेल.

तरीही या प्रकाराचा पूर्ण विकास अलीकडचा आहे. रिझर्व्ह बँकेने मुदत ठेवींचे दर ठरविण्याचे स्वातंत्र्य बँकांना १९९७ साली दिले, पण बचत खात्याचा दर मात्र २५ ऑक्टोबर २०११ पर्यंत तीच ठरवीत असे आणि त्या दिवशी तो सर्वत्र चार टक्के होता. सर्वत्र चारच टक्के असताना खाते हलविणे हा निव्वळ व्यायाम ठरला असता. दर मोकळे झाले, पुढे लघु वित्त बँका आल्या, त्यांनी बचतीवरही मोठ्या बँकांच्या दुपटीहून अधिक व्याज देऊ केले, आणि तोवर फक्त मुदत ठेवीपुरता अस्वस्थ असलेला हा गृहस्थ बारमाही अस्वस्थ झाला.

तो बहुधा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला शिक्षक असतो. उपदानाची आणि अंशराशीकरणाची, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग आगाऊ विकून एकरकमी घेतलेली, रक्कम त्याच्या हाती एकाच महिन्यात पडते, आणि आयुष्यभर बेरीज-वजाबाकी शिकविलेल्या माणसाला स्वतःच्या मालकीचे उदाहरण प्रथमच मिळते. त्याच्या कापडी पिशवीत रबर लावलेली पासबुके, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पावत्या, आधार आणि पॅनच्या सही करून ठेवलेल्या झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचे अर्धा डझन फोटो असतात, जेणेकरून मोहाच्या क्षणी कागदाअभावी खोळंबा होऊ नये. सावेडीहून निघून दिल्ली दरवाजा, चितळे रोड, कापड बाजार असे करीत तो माळीवाड्यापर्यंत येतो तेव्हा वाटेतील सर्व व्याजदरांचे फलक त्याला पाठ झालेले असतात. एस.टी. थांबली की प्रवासी चहाला उतरतात, तर हा समोरच्या शाखेचा फलक वाचायला उतरतो. शनिशिंगणापुरात २०११ साली युको बँकेने कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा देशभर दाराची चर्चा झाली; या गृहस्थाचा प्रश्न मात्र आत किती टक्के देतात, एवढाच होता.

शाखेत त्याचे होणारे स्वागत पाहिल्याखेरीज त्याच्या वर्तनाचा उलगडा होत नाही. ज्या टेबलासमोर कर्जदार उभा असतो आणि जामीनदार दाराशी घुटमळत असतो, त्याच टेबलाशी ठेवीदारासाठी खुर्ची पुढे सरकविली जाते. “या गुरुजी, बसा. चहा सांगतो,” असे मॅनेजर म्हणतो. “चहा राहू द्या, समोरचे आठ देतायत,” असे गुरुजी म्हणतात. मॅनेजर हळूच आठवण देतो, की ज्येष्ठ नागरिकांना आपल्याकडे अर्धा टक्का जास्त आहे. गुरुजी छताकडे पाहून उत्तरतात, “तो तर त्यांच्याकडेही आहे.” यानंतर मॅनेजर चेअरमनसाहेबांना फोन लावतो, दोन वाक्ये बोलून तो गुरुजींच्या हाती देतो आणि पलीकडून साक्षात चेअरमन प्रकृतीची चौकशी करतात. ज्या चेअरमनच्या गाडीला आयुष्यभर रस्ता करून दिला, तो आपल्या गुडघ्याबद्दल विचारतो आहे, या सुखाची किंमत २५० रुपयांत मोजता येणार नाही. आणि फिरत्या ठेवीदाराची खरी कमाई हीच असावी, असे मानण्यास जागा आहे. व्याज हे निमित्त असते.

त्याला कृतघ्न म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सहकारी संस्थेत संचालक निवडण्याचा अधिकार भागधारक सभासदाला असतो. निव्वळ ठेवीदाराला, त्याचे दहा लाख तेथे असले तरी, मत नसते. कारभार पटला नाही तर त्याच्यापाशी एकच उपाय उरतो, तो म्हणजे पैसे काढून घेणे. जिल्ह्यातील बाकी सारे व्यवहार गट, नाते, शब्द आणि भीड यांवर चालत असताना हा एकटा भीड न बाळगता पावती पुढे करतो, आणि म्हणूनच सर्व गटांचे त्याच्याविषयी एकमत असते.

भेटवस्तूंचे प्रकरण मात्र त्याच्या प्रतिष्ठेला थोडा कमीपणा आणणारे आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१३ पासून एका बँकेतील चालू खाते सात कामकाजी दिवसांत दुसऱ्या बँकेत हलवून देण्याची व्यवस्था आहे आणि आलेल्या ग्राहकाला कित्येक बँका रोख बक्षीस देतात. अमेरिकेत १९३३ नंतर व्याजावर सरकारी कमाल मर्यादा असल्याने बँका व्याजाऐवजी टोस्टर वाटत असत. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ठेव स्वीकारताना द्यावयाच्या भेटवस्तूची किंमत २५० रुपयांच्या आत राहावी असा निर्देश दिला. लाखावरील पाव टक्का आणि ही मर्यादा यांचा आकडा एकच निघावा, हा योगायोग गुरुजींच्या नजरेतून सुटलेला नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नसल्याने तेथील घड्याळ थोडे मोठे असते. त्यामुळे गुरुजींच्या बैठकीच्या खोलीत संस्थांची नावे छापलेली चार घड्याळे असून प्रत्येक वेगळी वेळ दाखविते. पैकी दोन संस्थांत आता त्यांचा एक रुपयाही नाही.

शास्त्रदृष्ट्या या वर्गाचे नवशिके आणि मुरलेले असे दोन भाग पडतात. नवशिका मुदतीआधी ठेव मोडतो. समजा, तीन लाख रुपये सात टक्क्यांनी वर्षभरासाठी ठेवले आहेत आणि सहा महिन्यांनी शेजारी सव्वासात दिसले. ठेव मोडल्यावर बँक सात टक्के देत नाही. जितके दिवस पैसे राहिले तितक्या मुदतीचा दर, समजा सहा टक्के, धरते आणि त्यातून एक टक्का दंड कापते. सहा महिन्यांचे १०,५०० रुपये मिळायचे तेथे ७,५०० मिळतात, आणि नव्या ठिकाणचा वर्षाचा जादा लाभ ७५० रुपये असल्याने ते ३,००० रुपये भरून यायला चार वर्षे लागतात. चार वर्षे एका जागी थांबणे तर त्याच्या प्रकृतीतच नसते. मुरलेला ठेवीदार पावती कधीच मोडत नाही. तो रकमेचे तुकडे करून प्रत्येकाची मुदत वेगवेगळ्या महिन्यात संपेल अशी साखळी लावतो, आणि त्यामुळे वर्षातील एकही महिना कोणत्या ना कोणत्या मॅनेजरला झुलविल्याशिवाय जात नाही.

मुरलेला आणि नवशिका यांतला दुसरा भेद विम्याच्या ज्ञानाचा. ठेव विमा व पत हमी महामंडळ बँक बुडाल्यास ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ठराविक रक्कम देते. ही मर्यादा १९९३ पासून एक लाख होती आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. हे संरक्षण सहकारी बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. नियमातील सर्वांत रसाळ कलम संयुक्त खात्याचे आहे, कारण नावांचा क्रम बदलला तर ते वेगळ्या हक्कातील खाते मानले जाते आणि त्यास वेगळे पाच लाख संरक्षण मिळते. हे कळल्या दिवसापासून गुरुजींनी एक खाते स्वतःचे, एक पत्नीचे, एक आपले नाव आधी असलेले आणि एक तिचे नाव आधी असलेले, अशी एकाच बँकेत वीस लाखांची तटबंदी केली. लग्नानंतर कोणत्याही कागदावर प्रथमच पुढे आलेले आपले नाव पाहून त्या माउलीने, “अहो, नाव पुढे घ्या नाहीतर मागे, बँकेत उन्हातान्हाचं यायचं मलाच ना?” एवढाच अभिप्राय दिला.

या तटबंदीची चेष्टा ६ डिसेंबर २०२१ रोजी थांबली. शतक ओलांडलेल्या नगर अर्बन बँकेवर त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणून खात्यातून दहा हजारांपर्यंतच रक्कम काढता येईल असे जाहीर केले, आणि ४ ऑक्टोबर २०२३ रोजी तिचा परवाना रद्द झाला. आजोबांपासून एकाच बँकेत खाते ठेवणारी, निष्ठावंत म्हणून मान मिळविलेली घराणी विम्याचे अर्ज भरण्यासाठी ज्याच्या ओट्यावर आली, तो गावातील सर्वांत चंचल मनुष्य होता. त्याने प्रत्येकाचा अर्ज नीट भरून दिला, कोणालाही टोमणा मारला नाही, फक्त जाताना प्रत्येकाकडून पाच लाखांवरची रक्कम किती होती ते विचारून वहीत टिपून घेतले. तेव्हापासून त्याची परीक्षा उलटी झाली आहे. शेजाऱ्यापेक्षा पाव टक्का जास्त देणारी संस्था त्याला आवडते, पण तीन टक्के जास्त देणारी दिसली की तो चहाही न घेता बाहेर पडतो.

एप्रिल महिना त्याच्या तीर्थाटनाचा. व्याजातून परस्पर आयकर कापला जाऊ नये म्हणून आपले उत्पन्न करपात्र नसल्याचे घोषणापत्र, ज्येष्ठांसाठी ‘पंधरा एच’ या नावाने रूढ झालेले, ठेव असलेल्या प्रत्येक संस्थेत दरवर्षी नव्याने द्यावे लागे. एवढ्या ठिकाणी एवढी घोषणापत्रे देणाऱ्याचे उत्पन्न खरोखर करपात्र नसते काय, असा प्रश्न एका तरुण कारकुनाने एकदा विचारला आणि गुरुजींनी ती ठेव मुदतीअखेर हलविली. आता जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे बदलल्यामुळे कोणत्या पावतीवर जुने नाव आहे आणि कोणत्या शिक्क्यात नवे, याची स्वतंत्र यादी वहीच्या मागच्या पानावर तयार होत आहे.

अशाच एका एप्रिलमध्ये कपाटातील पावत्या लावताना गुरुजींच्या हाती एक निळी, तेलकट डागांची वही लागली. ती पत्नीच्या महिला बचत गटाची होती. बचत गटात बायका दरमहा ठरलेली रक्कम जमा करतात, ती आपसांतच कर्जाऊ देतात आणि आलेले व्याज गटातच वाटून घेतात. या गटाचा दर महिन्याला शेकडा दोन होता आणि थकबाकीच्या रकान्यात सगळीकडे शून्य होते. गुरुजींनी दोनाला बाराने गुणले, चष्मा पुसून पुन्हा गुणले, आणि चोवीस हेच उत्तर कायम राहिल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन, गटात पुरुषांना सभासद करून घेतात काय, अशी सौम्य चौकशी केली.

“नाही घेत,” आतून उत्तर आले, “आणि तुम्हाला तर मुळीच नाही. बैठकीला दर महिन्याला एकाच जागी यावं लागतं.”