दोन्ही घरी जेवणारा दोन

संभाव्यतेचं प्रकरण राज्याच्या पुस्तकात दहावीला येतं, पण मी त्याची चव आठवीलाच देऊन ठेवतो. दहावीत पोचेपर्यंत माणूस उगाच शहाणा झालेला असतो. त्याच्या हातात फासा दिला की तो 'किती मार्कांचं आहे?' असं विचारतो. आठवीतलं पोर आधी फासा मुठीत खुळखुळवून कानाशी नेतं, जणू आत कोणी राहत असेल आणि पुढचा आकडा कुजबुजून सांगेल. गणिताला अशीच माणसं हवीत. त्यांना मी सांगतो की एका टाकात २ आणि ५ दोन्ही येऊ शकत नाहीत. एक आला की दुसऱ्याची वाट बंद. अशा घटना परस्पर अपवर्जी. म्हणून '२ किंवा ५' यायची संभाव्यता काढताना नुसती बेरीज करायची, १/६ अधिक १/६, झाले १/३. वर्ग मान डोलावतो. फाशावर कोणाचाच आक्षेप नसतो.

आक्षेप सुरू होतात ते फासा खिशात टाकून 'आता आपल्या आजूबाजूची उदाहरणं द्या' म्हटल्यावर. तिथे गोंदिया जिल्हा आडवा येतो. ऊन पडणे आणि पाऊस पडणे, असं मी सुचवून पाहिलं. मागच्या बाकावरून लगेच आलं, 'नाही ना सर, दोनी एकदम होते. कोल्ह्याचं लगन राहते तेव्हा.' मग मी सारसावर गेलो. एवढा माणसाच्या उंचीचा, रुबाबदार पक्षी. तो बांधीत असेल तर माणूस तिथे कसा असेल? पण आमच्याकडचा सारस घरटं करतो तेच धानाच्या बांधीत, आणि बाजूनं निंदण करणारी बाई त्याच्या अंड्यांवर नजर ठेवून असते, हे ज्या पोरानं सांगितलं त्याच्या आवाजात माझ्याविषयी थोडी कीव होती. शेवटी मी रेल्वेचा आसरा घेतला. गोंदिया जंक्शनवरून एक गाडी एकाच वेळी बल्लारशाकडे आणि जबलपूरकडे जाऊ शकत नाही, हे तरी कबूल? बराच वेळ शांतता. मग प्रश्न आला, 'दोन्ही बाजूनं इंजन लावलं तर?'

सगळ्यात सोज्वळ वाटणारं उदाहरण हजेरीपटाचं. हजर आणि गैरहजर, यांच्यात तिसरी जागाच नाही. पण पाऊस जमला आणि गावात रोवणा लागला की हजेरीपटाचं तर्कशास्त्र चिखलात रुततं. सकाळच्या घंटेला 'हजर सर' म्हणणारा पोरगा मधल्या सुटीत पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत फेकायला जातो आणि शेवटच्या तासाला पोटऱ्यांवर वाळलेला गाळ घेऊन परत बाकावर बसतो. त्या दिवशी तो हजर होता का? पटाच्या चौकोनात एकच खूण मावते. मी ती हजेरीची करतो, आणि माझ्या मते ती खोटी नसते. शाळा त्याच्याजवळ होतीच की. धुऱ्यावर दप्तर ठेवलेलं होतं.

म्हणूनच की काय, मला परस्पर अपवर्जी घटनांपेक्षा त्यांच्या बिघडलेल्या भावंडांची जास्त ओढ आहे. फाशावर सम संख्या येणे: २, ४, ६. मूळ संख्या येणे: २, ३, ५. पोरं उत्साहानं बेरीज करतात, ३/६ अधिक ३/६, म्हणजे पूर्ण १, म्हणजे खात्रीच! मग एखादी मुलगी हळूच विचारते की सर, १ आला तर? तिथे खरी मजा. दोन हा आकडा दुपारी घरी जेवून पुन्हा शेजारी मामाच्या पंगतीला बसणाऱ्या भाच्यासारखा दोन्हीकडे मोजला गेलेला असतो. त्याचं एक पान वजा करायचं, तेव्हा ५/६ हे खरं उत्तर हाती येतं. माझ्या वर्गात असे दोन पुष्कळ आहेत. घरी पोवारी किंवा गोंडी, दुकानात हिंदी, आजीशी झाडीबोली, माझ्याशी पुस्तकी मराठी. प्रवेश अर्जात मातृभाषेपुढे मात्र एकच रेघ.

पत्ते शिकवायचे तर आणखी पंचाईत. पुस्तकाला बावन्न पानं हवीत आणि शाळेला एकही चालत नाही. मी वापरतो तो कॅट सहलीत मोठ्या पोरांकडून जप्त केलेला, आणि त्यात चौकटची राणी नाही. त्यामुळे 'राजा किंवा लाल पत्ता' याची संभाव्यता पुस्तकात ७/१३ आणि माझ्या टेबलावर ९/१७. गणिताचा हा सारा प्रांतच जुगाऱ्यांच्या ओसरीवर वाढलेला. पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ साली एकमेकांना पत्रं लिहिली तीही डाव अर्धवट मोडला तर पैसे कसे वाटायचे, यावरून.

आमच्याकडची गोष्ट त्याहून फार जुनी, आणि ती विदर्भाच्या वाटेवर घडते. महाभारताच्या वनपर्वात ऋतुपर्ण राजा दमयंतीच्या स्वयंवरासाठी कुंडिनपुराकडे निघालाय, रथ हाकतोय बाहुकाच्या रूपातला नळ. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याकडे बघून त्याची पानं आणि फळं किती ते सांगून टाकतो. उशीर होतोय, पण नळ रथ थांबवतो, झाड पाडतो आणि मोजून खात्री करतो. असा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं. हिशेब जुळल्यावर तो राजाकडून फाशांची विद्या घेतो, आणि त्याच्या अंगातला कली बाहेर पडून बेहड्यात शिरतो. नागझिऱ्याच्या जंगलात बेहडे पुष्कळ आहेत. पोरं ती फळं वेचतात, मोजत मात्र कोणी नाही.

परवा चाचणीत मी एकच प्रश्न ठेवला: परस्पर अपवर्जी घटनांचं स्वतःचं उदाहरण लिहा. एकीनं लिहिलं, 'रोवणा असणे आणि आईला सुटी असणे.' छेदसंच रिकामा. मी कुठे खोट निघते का पाहिलं, निघाली नाही, पूर्ण गुण दिले. पुढच्या वहीत होतं, 'सरांचा शेवटचा तास असणे आणि सरांनी घड्याळ न पाहणे.' त्यालाही द्यावेच लागले.