भाच्याचा जर्मन कोट

"मॅडम, आमच्या तारेवर तो हिरवट कोट दिसते ना, त्याले हात नोका लावू बरं. मोटरसायकलीच्या किमतीचा हाये म्हनते पोट्टा."

काकूंनी हे अशा आवाजात सांगितलं की पलीकडच्या दोन घरांनाही हात न लावण्याची ताकीद पोचली. भाचा पुण्याहून दिवाळीला आला होता. लोक बाकरवडी आणतात, यानं दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकाचा कोट आणला.

"मेलेल्या मानसाचा असन तं? म्या तं घरात घेतलाच नायी. आधी ऊन दाखव म्हनलं. अन् तो म्हनते, उर्साच्या जत्रेत घालून फिरतो!"

"ऊर्स होईपर्यंत थंडी राहील का पण?"

"थंडीचं सोडा, अकलेचं बोला."

मी कुंपणाशी वाकून पाहिलं. जन्म इतिहास शिकवण्यात गेला, पण पुस्तकातला कोट असा क्लिपा लावून वाळताना पाहिला नव्हता. गर्द हिरवी कॉलर, चार खिसे, खिशांवर मधोमध चूण, झाकणाची कड नक्षीदार वळणाची. म्हणजे घाट 1936 चा.

"काकू, लढाई कशी चाललीय हे तिकडच्या शिंप्यांना सेनापतींच्या आधी कळत असणार," मी म्हटलं. "सुरुवातीचा कोट हा असा, थाटाचा. 1940 मध्ये वेगळी हिरवी कॉलर बंद, ती अंगाच्याच करड्या कापडाची. 1942 मध्ये खिशाच्या चुण्या गेल्या. पुढच्या वर्षी झाकणाची कड सरळ कापायला लागले. 1944 मध्ये तर कोटच कमरेवर आला."

"कापड वाचवत होते म्हना ना. आमची सासू तशीच चोळ्या बेतत जाय."

"आणि लोकर कमी होत गेली, लाकडाच्या लगद्यापासून केलेला रेयॉनचा धागा वाढत गेला. इंग्रजांच्या आरमारानं समुद्र अडवल्यावर बाहेरची लोकर नाही, कापूस नाही. आफ्रिकेच्या वाळवंटात गेलेल्यांना तेवढे सुती कपडे मिळाले, त्यांचाही रंग उन्हानं उडून पांढुरका व्हायचा."

कापूस म्हटल्यावर काका ओसरीवरून उठले नसते तरच नवल. सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात काका खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. चिमूटभर रुई घेऊन दोन अंगठ्यांत ओढायची आणि धाग्याची लांबी सांगायची, हा त्यांचा धंदा. अजूनही कुणाच्या घरी गेले की आधी सोफ्याचं कापड चिमटीत धरतात. त्यांनी कोटाचं अस्तर चिमटीत धरलं, मग बाही, आणि काही न बोलता आत जाऊन काडेपेटी घेऊन आले.

"अवो, काय करून रायले?" काकू ओरडल्या. "मोटरसायकल जाळता काय!"

त्यांनी आतल्या शिवणीतून कापडाचाच एक धागा ओढला, काडी लावली. लोकर जळाली की केस जळाल्यासारखा घाण वास येतो आणि राख चुरगळते. सूत कागदासारखं जळतं. हा धागा आक्रसला, काळा धूर आला आणि टोकाला टणक मणी झाला.

"पॉलिस्टर," काका म्हणाले आणि परत ओसरीवर जाऊन बसले.

भाचा दारात उभा होता. चेहरा पाहवत नव्हता. पॉलिस्टरचा शोधच मुळी 1941 मध्ये लागला आणि तोही इंग्लंडात. शत्रूच्या प्रयोगशाळेतला धागा तेव्हाच्या जर्मन कोटात शिरेल कसा? "पण आत शिक्के आहेत, मॅडम," तो म्हणाला. शिक्के होतेच, मापांचे पाच आकडे आणि खाली कोठाराची खूण, अगदी नमुन्याबरहुकूम. पण कापडाचा मजकूर बदलता येत नाही, शिक्का कुणीही मारतो. सिनेमासाठी आणि परदेशात जुन्या लढाया नाटकासारख्या वठवणाऱ्या हौशी लोकांसाठी असे कोट आजही शिवले जातात. अस्सल जर्मन कोट लाखाच्या पुढे जातो, म्हणून नकलांनाही चांगले दिवस आहेत.

"हे ह्युगो बॉसचं डिझाइन आहे पण," पोरानं शेवटचा पत्ता टाकला.

तेही खरं नाही. बॉसचा मेट्झिंगेनला शिवणकारखाना होता आणि तो सरकारी ऑर्डरीप्रमाणे गणवेश शिवून द्यायचा. हिटलरच्या एसएस दलाचा काळा गणवेशसुद्धा काढला तो डीबित्श आणि हेक या दोघांनी. बॉसच्या कारखान्यात वेठीला धरून आणलेली माणसं राबत होती आणि त्याबद्दल कंपनीनं 2011 मध्ये खेद व्यक्त केला. याची जाहिरात कुणी करत नाही.

"मॅडम, पन आपल्या लोकायचा काय संबंध या कोटाशी?"

संबंध दोन्हीकडून आहे. उत्तर आफ्रिकेत इंग्रजांकडून लढताना कैद झालेल्या हिंदी शिपायांतून नेताजींनी जर्मनीत आझाद हिंद फौजेची तुकडी उभी केली, सुमारे 3000 जणांची. त्यांनी हाच जर्मन गणवेश घातला. दंडावर तिरंगी ढाल, तीवर झेप घेणारा वाघ, शिखांच्या डोक्यावर पगडी. बर्लिनला नेताजींच्या कार्यालयात गणपुले नावाचे गृहस्थ होते, त्यांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. फेब्रुवारी 1943 मध्ये नेताजी पाणबुडीतून निघून गेले आणि ही पोरं मागं राहिली. त्यांना आधी हॉलंड, मग फ्रान्सच्या किनाऱ्यावर पाठवलं.

आणि समोरच्या बाजूला मराठे. रायगडचा नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्रीचा, 10 जुलै 1944 ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात एकटा जर्मन मशिनगनवर चालून गेला. वय 22. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. तिथल्या मोंतोने गावात 2023 मध्ये त्याच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलंय.

"म्हंजे कोटात बी आपलाच अन् कोटावर गोळी झाडनारा बी आपलाच!" काकूंनी कपाळाला हात लावला. "अन् ह्या छातीवरच्या पाखराचं काय?"

तिथं मात्र मी भाच्याला जवळ बोलावलं. गरुडाच्या पंजात स्वस्तिक आहे. आपल्या उंबऱ्यावरचं स्वस्तिक वेगळं, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या चिन्हाखाली ज्यूंचं काय झालं ते ठाऊक असेलच असं नाही. जर्मनीत ते चारचौघांत मिरवणं गुन्हा आहे. आपल्याकडे 2006 मध्ये खारघरला हिटलरच्या नावाचं हॉटेल निघालं आणि ज्यू मंडळींनी हरकत घेतल्यावर मालकाला नाव बदलावं लागलं.

"ज्यू इकडं कुठले?"

"कोकणातले, काकू. बेने इस्राएल. घरात मराठी बोलणारे. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत."

"मंग त्यायच्यापुढं हा घालून मिरवनार काय रे?"

भाचा गप्प. संग्रह कपाटात असावा, त्यावर चिठ्ठी असावी, कुणी विचारलं तर चार गोष्टी सांगता याव्यात, एवढं मला मान्य आहे. जत्रेत घालून फिरायला नाही. मी त्याला नगरचं रणगाडा संग्रहालय बघून ये म्हटलं. पुण्याहून लांब नाही, आणि तिथलं लोखंड काडीनं तपासावं लागत नाही.

काकूंनी तोवर क्लिपा काढून कोटाची घडी केली होती.

"मॅडम, तुमच्या शाळेचं गॅदरिंग कधी हाये? हिटलर-बिटलरचं नाटक बसवत असन तं कोट भाड्यानं देऊ. पॉलिस्टर हाये, धुतला तरी आटत नायी."