वांधा काढणारे नाना

लासलगाव बाजार समितीच्या विंचूर उपबाजारात कांद्याची ट्रॉली लागली की व्यापारी भोवती जमतात, चार कांदे उचलून पाहतात आणि क्विंटलचा भाव पुकारतात. नाना व्यापारी नाहीत. त्यांना परवाना नाही, खळं नाही, घ्यायला पैसेही नाहीत. तरी सगळ्यांत पुढे तेच. मागचा फाळका पडायचा अवकाश, नानांचा हात थेट कोपऱ्यात जातो आणि जोडकांदा घेऊनच बाहेर येतो. बाकी अख्खी ट्रॉली चोख वाळवलेल्या उन्हाळ कांद्याची असली तरी ती त्यांना दिसत नाही. "हे काय, भाऊ?" एवढंच विचारून ते तो कांदा शेतकऱ्याच्या हातावर ठेवतात आणि पुढच्या ट्रॉलीकडे वळतात.

खळ्यावर माल उतरताना खराब निघाला की व्यापारी भाव तोडतो. त्याला इकडे वांधा काढणं म्हणतात. व्यापाऱ्याला त्यात दोन पैसे तरी सुटतात. नाना हे काम फुकट करतात, आणि बाजाराबाहेरही करतात. पोराला दहावीला ब्याण्णव टक्के पडले, पेढा तोंडात असतानाच नाना विचारतात, "आठ कुठं गेले?" लग्नात पाचशे माणसं जेवून तृप्त होतात, अर्धी कच्ची जिलबी नेमकी नानांच्या पानात येते. विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचा पराक्रम कुणी सांगू लागलं, की नाना सगळ्या मोहिमा ओलांडून थेट १७६१ ला पानिपतावर पोचतात. "ते खरं, पण गारद्यांचा गोल कुणी मोडला?" ज्याच्या नावात गाव आहे त्या सरदारालाही सूट नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. भाव कोसळले, लिलाव थांबले, शेतकरी रस्त्यावर उतरले. नानांचाही कांदा विकायचा होता. मोर्चात ते आले, फलकापुढे थांबले आणि म्हणाले, "निर्यातचा नि दीर्घ काढलाय."

काढला होता. नानांवर राग धरता येत नाही तो यामुळेच. त्यांचा वांधा कधी खोटा निघत नाही. बाजारातले वांधे मिटवायला बाजार समिती तरी आहे, नानांच्या वांध्यांवर अपील नाही. तेव्हा घरात कार्य निघालं असेल, तर पत्रिका छापायच्या आधी नानांना दाखवा. छापल्यावर ते बघणारच आहेत.