कार्डावरची देशभक्ती

१४ जानेवारी १९५३ रोजी करिअप्पा लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झाले. म्हणून तो दिवस माजी सैनिकांचा. तो बहुधा संक्रांतीलाच येत असल्याने मुरुमसारख्या गावात शाळेत मुलांनी माजी सैनिकांसाठी केलेल्या शुभेच्छापत्राची गाठ तिळगुळाशी पडते. कृती सोपी आहे. वर केशरी, खाली हिरवा. पांढरा रंग कागदाच्याच खर्चात. अशोकचक्राच्या २४ आऱ्यांपैकी जागेअभावी निम्म्याच भरती होतात. रणगाडा ट्रॅक्टरवर बेततात. मग गुरुजी फोटो काढतात. फोटो ग्रुपवर जातो, कार्डे कपाटात जातात. सत्कारमूर्ती त्या वेळी बँकेच्या दारात बंदूक घेऊन ड्यूटीवर असतो. पेन्शनसाठी त्याला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावाच लागतो. तिथे शुभेच्छापत्र पुरावा म्हणून चालत नाही.