सरासरी पुरी

संख्याशास्त्राच्या मुख्य शाखा दोन, आणि मी दोन्हींवरून एकाच दिवशी पडलेला माणूस आहे. पहिली वर्णनात्मक: हाती आलेले आकडे नीट मांडायचे, सरासरी काढायची, आकडे किती पांगलेत ते बघायचं. दुसरी अनुमानात्मक: मूठभर नमुना तपासून न पाहिलेल्या सगळ्या गोतावळ्याबद्दल बोलायचं, आणि अंदाज कितीने चुकेल तेही सांगायचं. हे शेवटचं कलम मी सोयीने विसरतो.

आम्ही बंगळूरला मैसूर रोडच्या बाजूला राहतो. महालनोबिसांनी १९३१ साली कलकत्त्यात काढलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेचं, म्हणजे आयएसआयचं, इथलं केंद्र याच रस्त्यावर आहे. (आयएसआय म्हटलं की आमच्या सौ.ला कुकरवरचा शिक्का आठवतो, ते सोडा.) रोज त्यावरून जातो आणि बी.कॉम.ला हा विषय होता, एवढ्या शिदोरीवर मी सोसायटीच्या गणपतीत महाप्रसादाला पुऱ्या किती लागतील याचा अंदाज अंगावर घेतला.

नमुना गोळा केला तो सकाळच्या फिरण्यात, कारण तेवढ्याच वेळी लोक माझ्या तावडीत सापडतात. सगळे निवृत्त, निम्म्यांना साखर, उरलेल्यांना बीपी. "पुऱ्या किती खाता?" म्हटल्यावर कुणी एक म्हणालं, कुणी तीन, बाकी सगळे दोन. मध्य दोन, मध्यक दोन, बहुलकही दोन! आमच्या सोसायटीत तिघांचं एकमत होतं तेव्हा काहीतरी भयंकर घडणार असतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आचारी भट्टरु कानडी. त्यांनी विचारलं, "एष्टु जन सार?" मी माणसांना दोनने गुणून आकडा सांगितला, वर प्रमाण विचलन फारच कमी असल्याची खुशखबर दिली. त्यांनी परातीतल्या कणकेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे हात पुसले.

संध्याकाळी सोसायटीत भाड्याने राहणारी, माझ्या फिरण्याच्या वेळी साखरझोपेत असणारी सगळी सॉफ्टवेअरची पोरं खाली उतरली. कढईत पुरी फुगायची, भट्टरु झाऱ्याने तेल निथळायचे, आणि ताटापर्यंत पोचायच्या आत तिच्यावर हात पडायचा. कोपऱ्यात कोल्हापूरचे दोघे बसले होते, त्यांच्या ताटाकडे बघून मी मोजायचंच सोडलं. पण खरा घाव घातला तो माझ्याच नमुन्याने. सकाळी "दोनच हो, साखर आहे" म्हणणारे काका आठवी पुरी श्रीखंडात बुडवत मला म्हणाले, "प्रसादाला साखर नसते."

सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे अशा वेळी फार आठवतात. महालनोबिस पिकाचा अंदाज घ्यायला शेतातले अगदी छोटे तुकडे कापायचे. तुकडा लहान असला की कडेची रोपं आत ओढली जातात आणि उतारा फुगलेला दिसतो, असं सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवलं. माझी तऱ्हा याहून वरची, माझा अख्खा तुकडाच बांधावरचा. पुढे अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथांनी १९७१ साली दारिद्र्यरेषेला माणशी रोजच्या २२५० कॅलरींचा आधार दिला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत बरीच वर्षं काढलेल्या सुखात्म्यांचं म्हणणं असं की एकाच धडधाकट माणसाचं खाणंसुद्धा रोज सारखं नसतं, मग सरासरीची पट्टी लावून कोण उपाशी हे ठरवायचं कसं? यावर दांडेकरांशी त्यांचा वाद चांगलाच रंगला. त्या वादात पडायची माझी लायकी नाही, पण आठव्या पुरीच्या वेळी मी सुखात्म्यांच्या बाजूने होतो.

पुऱ्या संपल्या तेव्हा रांग लिफ्टपर्यंत होती. मी मांडवाच्या खांबाआड. भट्टरु म्हणाले, "स्वल्प अड्जस्ट माडी सार," आणि केसरीबाथसाठी आणलेल्या रव्याचं त्यांनी बघताबघता उप्पिट्टु केलं.

दुसऱ्या दिवशी कमिटीने पुढच्या वर्षीचा अंदाज कुणी काढायचा यावर मतं घेतली. या वेळी नमुनाबिमुना नाही, दारोदार जाऊन एकूण एक माणसाला विचारलं, आमच्या सौ.लाही. उत्तर सगळीकडे एकच: यांना सोडून कुणीही. प्रमाण विचलन शून्य.