प्रूफ की यूएनसी? घरबसल्या निवाडा करण्याची शास्त्रोक्त पद्धत

ज्या घरात एखादं नाणं मखमली डबीत बसवून कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवलेलं असतं, त्या घरात दोन पक्ष असतात. पहिला पक्ष म्हणतो, हे प्रूफ आहे. दुसरा म्हणतो, काय असेल ते असो, विकून टाका. प्रस्तुत मार्गदर्शन पहिल्या पक्षासाठी आहे. दुसऱ्याला मार्गदर्शनाची गरज कधीच वाटत नाही.

आधी व्याख्या करू, म्हणजे पुढे भांडायला बरं पडतं. आपल्या सरकारी टंकसाळी स्मारक नाणी दोन प्रकारांत विकतात, प्रूफ आणि यूएनसी. यूएनसी म्हणजे कोरं, कुणाच्या खिशात न गेलेलं. अमेरिकेतल्या टंकसाळीचा मिंट सेट असतो तो याच जातीचा. सगळा घोळ इथे सुरू होतो, कारण आपल्याकडे ‘एकदाही वापरलेलं नाही’ याचा अर्थ ‘म्हणजे प्रूफच’ असा लावतात. प्रूफपण नाण्याला जन्मताना मिळतं, नंतर मिळवता येत नाही.

हा जन्म कसा होतो तेही पाहून घ्या. मुंबईत फोर्टमध्ये, रिझर्व्ह बँकेसमोर, कॅप्टन जॉन हॉकिन्सने उभारलेली आणि 1829 साली पुरी झालेली टंकसाळ आहे. तिथे प्रूफ नाण्यासाठी ठशाचा सपाट भाग घासून आरसा करतात आणि आकृतीचा भाग मुद्दाम खरखरीत ठेवतात. ज्या चकतीवर नाणं पाडायचं तीही घासलेली असते. ती एकेक करून ठशाखाली ठेवायची, सावकाश, जबर दाबाने, एकापेक्षा जास्त वेळा ठोकायची आणि बोटं न लावता उचलायची. यूएनसीला एवढे लाड नाहीत. साधी चकती, एक दणका, पुढचा! रजिस्ट्रार कचेरीतला पासपोर्ट फोटो आणि स्टुडिओत दिवे लावून काढलेला लग्नाचा फोटो यांत वधू तीच असते, तसं हे आहे.

आता प्रत्यक्ष कृती. साहित्य: एक नाणं, एक जुना पिवळा बल्ब, एक कालनिर्णय. ट्यूबलाइट चालणार नाही. तिचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो आणि नाण्याचं सगळं पाप झाकतो. हल्ली घरात पिवळा बल्ब सापडणं हे प्रूफ नाणं सापडण्यापेक्षा अवघड झालं आहे, पण माळ्यावर नाही तर देवघरात चौकशी करावी.

दिवा लावा आणि नाणं कडेने धरून सावकाश फिरवा. यूएनसी नाण्यावर प्रकाशाचे पट्टे मधून कडेकडे पसरलेले दिसतील आणि नाण्याबरोबर गोल फिरतील. संग्राहक याला लस्टर म्हणतात आणि यावर तासभर बोलू शकतात. त्यांना बोलू द्यावं, मध्येच थांबवल्यास पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. प्रूफवर असे पट्टे नाहीत. त्याची मोकळी जागा एका कोनात लख्ख चमकते आणि किंचित तिरकं करताच काळीभोर होते. त्या काळोखावर अशोकस्तंभाचे सिंह पिठूळ पांढरे उठून दिसतात. हे एकदा पाहिलं की दुसऱ्यांदा कुणाला विचारावं लागत नाही. अडचण एवढीच की पाहण्याआधीच लोक विचारतात.

आता कालनिर्णय. नाणं पानाशी काटकोनात उभं धरा आणि त्याच्या मोकळ्या जागेत पानाचं प्रतिबिंब पाहा. चार बोटं अंतरावरून तिथींचा बारीक मजकूर उलटा का होईना, पण स्पष्ट वाचता आला तर प्रकरण प्रूफकडे झुकतं. नुसता उजेड-अंधाराचा गोळा दिसला तर यूएनसी. संकष्टी कधी आहे हे कळलं पण नाण्याचं काही कळलं नाही, तर चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. ठसा अगदी नवा असताना पाडलेली साधी नाणीही कधीकधी आरशासारखी उतरतात. याउलट जुन्या प्रूफवर तो पांढरा पिठूळपणा फारसा नसतो. तेव्हा सिंह पांढरे नाहीत म्हणून प्रूफ नाही, असा निकाल देऊ नका. शंका आली तर कडा बघा. प्रूफची कड चौकोनी, धारदार. अक्षरांचे खांदेही तसेच.

टंकसाळीची खूण पाहणाऱ्यांसाठी आणखी सोपा मार्ग आहे. सालाच्या खाली बघा. मुंबईच्या साध्या नाण्यावर छोटा चौकट आकार, हैदराबादच्या नाण्यावर चांदणी, नोएडाच्या नाण्यावर ठिपका, आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नाही. कोलकात्याला ओळख दाखवायची गरज वाटत नसावी. मुंबईच्या प्रूफवर मात्र 1969 पासून इंग्रजी बी असे. 1995 मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे मुंबई झालं आणि 1996 पासून प्रूफवर एम आला.

आता त्या नाण्याकडे येऊ जे अर्ध्या महाराष्ट्राच्या देव्हाऱ्यात आहे: 1969 सालचं, गांधीजींच्या जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं. वजन 15 ग्रॅम, व्यास 34 मिलिमीटर, त्यात 80 टक्के चांदी. ते साधंही निघालं आणि प्रूफही. घरातलं नाणं सालाखाली बी नसेल तर साधं आहे, आजोबा काहीही सांगोत. आजोबांनी ते स्वतः टंकसाळीत रांग लावून आणलं असेल, तरीही साधंच.

हे नाणं दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात पंचामृताने न्हातं आणि नंतर चिंच, राख किंवा पितांबरीने घासलं जातं. त्यानंतर ते जे चमकतं, त्यावरून त्याला प्रूफ म्हणणारे काका प्रत्येक घरात एकेक दिलेले आहेत. काकांना भिंग द्यावं. घासलेल्या नाण्यावर हजारो बारीक रेघा दिसतात आणि लस्टरचे फिरणारे पट्टे गायब असतात. थोडक्यात, ते कोरंही राहिलं नाही आणि प्रूफही झालं नाही. उलटही खरं आहे. अस्सल प्रूफला पंचामृताचं स्नान घातलं तरी ते प्रूफच राहतं, फक्त खराब झालेलं प्रूफ. पूजा करणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं. आमचं मत असं की लक्ष्मीला चालू दहा रुपयांचं नाणंही चालतं.

डबीबद्दल मुद्दाम शेवटी लिहितो, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. डबी हा पुरावा नाही. डबी रिकामी होते आणि रिकामी डबी भरता येते. जुन्या बाजारात प्रूफच्या डबीत बसलेलं यूएनसी नाणं अतिशय प्रसन्न चेहऱ्याने विकलं जातं. व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या नाण्यांत आणखी एक गंमत आहे: टंकसाळींनी विसाव्या शतकातही जुन्या ठशांनी संग्राहकांसाठी ती पुन्हा पाडून दिली. म्हणजे आरसा अस्सल, टंकसाळ अस्सल, साल मात्र नाण्यापेक्षा म्हातारं.

न्यू जर्सीहून मावसभाऊ सेट घेऊन आले, तर निकष थोडे वेगळे. 1968 पासून तिथल्या नेहमीच्या प्रूफ सेटमधली नाणी सॅन फ्रान्सिस्कोची, इंग्रजी एस खुणेची आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत असतात. मिंट सेटमध्ये प्रामुख्याने फिलाडेल्फिया आणि डेन्व्हरची नाणी, मऊ प्लास्टिकच्या चपट्या पाकिटात. भाऊ 1966 चा ‘प्रूफ सेट’ दाखवू लागले तर वाद न घालता जेवायला बसावं. 1965 ते 1967 या काळात तिथल्या टंकसाळीने प्रूफ सेट काढलेच नव्हते. त्यांच्या जागी ‘स्पेशल मिंट सेट’ विकले.

निवाडा झाल्यावरही प्लास्टिकची कॅप्सूल उघडू नये. अर्धी चांदी, चाळीस टक्के तांबं आणि उरलेलं निकेल-जस्त अशा मिश्रधातूची स्मारक नाणी बोटाचा ठसा विसरत नाहीत, आणि प्रूफवर तो पाहुण्यांनासुद्धा दिसतो. टंकसाळीची पावती आणि डबीतली माहितीपत्रिका एकाच पाकिटात घालून, त्यावर ‘प्रूफ’ की ‘यूएनसी’ हे पेनाने स्पष्ट लिहून ठेवा. तुमच्या पश्चात घरात काय म्हणतात त्यावर नातवंडांनी विसंबू नये.