चार बोटं जागा

जिभाऊंना गाडी घ्यायची नाहीये. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण जळगावच्या शोरूममधल्या पोरांना ते अजून कळलेलं नाही. घरी एक स्कूटर आहे, तिच्यावरून ते धरणगावच्या बाजारात जातात आणि तिच्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. पण नात्यात कुणी सात सीटांची गाडी बघायला निघालं, की जिभाऊ आधीच जाऊन दारात उभे. घेणारा भाचा असो, पुतण्या असो, नाहीतर जिनिंगवाल्या मित्राचा जावई असो.

असा माणूस तुमच्याकडेही असेल. बाकीचे स्टिअरिंग धरतात, स्क्रीनवर बोट फिरवतात, सनरूफमधून मान काढून फोटो घेतात. जिभाऊ चपला काढतात, तडक तिसऱ्या रांगेत शिरतात, टेकून बसतात आणि गुडघा व पुढच्या सीटची पाठ यांच्यामध्ये उजव्या हाताची बोटं घालतात. मग निकाल. "तीन बोटं!"

एर्टिगाला त्यांनी तीन दिली आहेत. कॅरेन्सला साडेतीन. इनोव्हा हायक्रॉसला अख्खा पंजा, वर अंगठा. स्कॉर्पिओ-एनबद्दल त्यांचं मत असं, की गाडी वाघ आहे, पण वाघाच्या शेपटीवर कुणी बसत नाही. त्याचं कारणही ते सांगतात, आणि ऐकून घ्यावं लागतं: चासीवर बांधलेल्या गाडीची फरशी उंच, फरशी उंच म्हणून गुडघे वर, गुडघे वर म्हणून मांड्या हवेत, आणि सगळा भार बुडावर. धुळे येईपर्यंत पाय आपले राहत नाहीत.

सेल्समनने एकदा सांगून पाहिलं, "काका, व्हीलबेस 2780 मिलिमीटर आहे."

"तो चाकांमधला ना भो? मी चाकावर नाही बसत."

दुसऱ्या एका पोराने 209 लिटरची डिकी सांगितली. जिभाऊंनी मनात हिशेब केला. "म्हणजे दुधाचे पाच कॅन. आणि सात माणसांच्या बॅगा डोक्यावर?"

शोरूमवाल्यांची एक युक्ती असते. तिसरी रांग दाखवताना मधली सीट गुपचूप पुढे सरकवून ठेवायची. मागे बसणाऱ्याला वाटतं, वाहवा, दिवाणखाना! जिभाऊ ही चोरी पहिल्या मिनिटाला पकडतात. "आधी मधे माणूस बसव. सहा फुटी. त्याला ऐसपैस बसू दे, मग माझी बोटं मोज." एका शोरूममध्ये सहा फुटी माणूस मिळेना, तेव्हा त्यांनी दारावरच्या वॉचमनला आणून मधे बसवला. वॉचमनला जागा फार आवडली. तो उठेना.

बोटांचं हे वेड गाडीपुरतं राहिलं असतं तर मी काही बोललो नसतो. एसटीत बसले की "दीड". दवाखान्याच्या बाकावर "दोन, पण पेशंट जाड". लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याला कोपराने ढोसून "दोन बोटं सरक". मंत्रिमंडळाच्या विस्ताराची बातमी वाचून पेपर खाली ठेवत म्हणाले, "अर्धं बोट उरलंय, त्यात तिघं आहेत." धरणगाव म्हणजे बालकवी ठोंबऱ्यांचं गाव. पण श्रावणात सगळं रान हिरवंगार झालेलं असताना हा गृहस्थ गाडीच्या छताला डोकं टेकवून वरची बोटं मोजत असतो. डोक्याचं माप वेगळं.

या माणसाचा मला वैताग होता. तो कमी झाला असं म्हणणार नाही, पण मध्येच मला जुनी सुमो आठवली.

टाटांची सुमो 1994 ची. टाटांच्याच सुमंत मूळगावकरांच्या नावावरून तिचं नाव पडलं. मागे समोरासमोर दोन आडवे बाक. दहा जणांची गाडी, म्हणजे आमच्याकडे चौदा. चैत्रात भाड्याची सुमो करून सप्तशृंगीला जायचं ठरलं की पुढे कमावते, मधे वडीलधारे, आणि मागे उरलेले. जिभाऊ भावंडांत धाकटे. मांडीवर स्टोव्ह, पायाशी पिठाचा डबा, आणि नांदुरीच्या घाटात प्रत्येक वळणाला समोरच्या मावशी अंगावर. पुढे 2000 मध्ये क्वालिस आली, 2005 मध्ये इनोव्हा. गाड्या बदलल्या, मागचा माणूस तोच राहिला. तिसऱ्या रांगेबद्दल बोलायचा अधिकार या तालुक्यात कुणाला असेल तर यांनाच, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. कारण ती रांग विकत घेणारा तिच्यात कधी बसत नाही. त्याला फक्त "सेव्हन सीटर" म्हणायचं असतं.

यंदा पुतण्याने गाडी घेतली. जिभाऊंनी महिनाभर बोटं मोजून सल्ला दिला होता. पुतण्याने नेमकी एका बोटाची घेतली, मोठ्या सनरूफची.

"मागे कोण बसणारे काका? फार तर तुम्ही."

जिभाऊ म्हणाले, "हां, मग चालतं."

नवी गाडी म्हणजे पहिली फेरी वणीच्या सप्तशृंगीचीच. मधल्या प्रशस्त सीटवर थोरले आण्णा, पाय लांब करून, सीट शेवटपर्यंत मागे. त्यांच्या मागे जिभाऊ, त्यांच्या शेजारी मी आणि नवी सून. पारोळ्यापर्यंत जिभाऊंनी बोटं घातली नाहीत. घालायला जागाच नव्हती.

पारोळ्याला चहाला थांबलो. आण्णा उतरले. गाडीच्या मालकाला मधल्या सीटचा खटका कुठे आहे हे अजून ठाऊक नव्हतं. जिभाऊंना ठाऊक होतं. ते वाकले, 'कट्ट' असा आवाज झाला, मग आणखी एकदा. सीट पुढे गेली. सुनेने पदराआड हसू दाबलं आणि पाय मोकळे केले.

आण्णा परत येऊन बसले. धुळे गेलं, मालेगाव आलं, त्यांची चुळबुळ थांबेना. गुडघे पुढच्या सीटला लागत होते.

"सकाळी बरी वाटत होती रे ही गाडी," आण्णा कुरकुरले. पुतण्याने आरशात पाहिलं आणि काही न सुचून एसी वाढवला.

"नवी आहे ना आण्णा," मागून जिभाऊ गंभीरपणे म्हणाले, "नवी गाडी पहिले आवळते. एक पावसाळा जाऊ द्या, सैल होईल."